चालत्या घराचं स्टेअरिंग

या पुस्तिकेचा विषय थोडक्यात असा: जुन्या गाडीचं स्टेअरिंग ढिलं का पडतं, ढिलाई नेमकी कुठं आहे हे कसं शोधायचं आणि दुरुस्ती कोणत्या क्रमानं करायची. एवढ्यासाठी लांबलचक प्रस्तावना कशाला, असं कुणी विचारेल. पण ही गाडी कोणती, तिच्यात कोण बसतं आणि ती कुठून कुठं जाते, हे आधी सांगितलं नाही तर पुढची पानं नुसती नट-बोल्टची जंत्री वाटतील.

परदेशात जुनी मोटरहोम जपणारे शौकीन आहेत. अमेरिकेत विनेबागो कंपनीनं १९६६ मध्ये मोटरहोम बनवायला सुरुवात केली. जनरल मोटर्सनं १९७३ ते १९७८ या काळात जीएमसी नावानं अशी गाडी विकली. त्यातल्या काही गाड्या अजून रस्त्यावर आहेत आणि त्यांच्या मालकांची एक तक्रार ठरलेली असते: चाक फिरवलं तरी गाडी लगेच ऐकत नाही, सरळ रस्त्यावरसुद्धा सारखं डावं-उजवं करत बसावं लागतं. आपल्या राज्य सरकारनं २०२१ मध्ये कॅरावॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण ते सुट्टीवर निघालेल्यांसाठी. महाराष्ट्रातली जुनी चालती घरं निराळी आहेत. तमाशाच्या फडांचे ट्रक, जत्रा करत फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या गाड्या, आषाढीला दिंडीचं सामान वाहणारे ट्रक. आणि या सगळ्यांना संख्येनं मागं टाकणारा ऊसतोड टोळ्यांचा ताफा.

उदाहरणार्थ मराठवाड्यातला माजलगाव तालुका घ्या. या टापूत एकीकडं माजलगाव धरणाच्या कालव्यावरचा ऊस आणि तेलगावचा सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखाना. दुसरीकडं बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातली धारूर-वडवणीकडची कोरडवाहू गावं. तिथली माणसं दरसाल कोयता घेऊन सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत आणि पलीकडं बेळगावपर्यंत जातात. त्यामुळे हंगामात इथल्या रस्त्यावर दोन्ही वाहतुकी दिसतात: ऊस कारखान्याकडं चाललेला आणि माणसं उसाकडं चाललेली.

दसरा झाला की हालचाल सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी आपापलं बिऱ्हाड ट्रॉलीत चढवतात. पत्र्याच्या पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, कोपीसाठी बांबू आणि ताडपत्री, भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, आणि या सगळ्याच्या वर पोराबाळांसकट माणसं. मालवाहू गाडीत अशी माणसं नेणं कायद्याला मंजूर नाही. तरी दर वर्षी हजारो कुटुंबं अशीच जातात, कारण दुसरी सोय कुणी केलेली नाही. पुढचे पाच-सहा महिने तोच ट्रॅक्टर टोळीबरोबर राहतो. दिवसा उसाच्या फडात उभा, रात्री कारखान्याच्या रांगेत. दवाखान्याला, बाजाराला, लांबच्या फडावर मुक्काम हलवायलाही तोच. मार्च-एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम संपला की त्याच ट्रॉलीतून माणसं परततात. मराठवाड्याचं मोटरहोम हेच, आणि ते जुनं असतं. नवा ट्रॅक्टर घेतलेल्या मालकाला शोरूममधून सल्ला मिळतो. दोन-तीन हात बदललेल्या ट्रॅक्टरच्या किंवा ट्रकच्या ड्रायव्हरला सल्ला देणारं कुणी नसतं. ही पुस्तिका त्याच्यासाठी आहे.

आता मूळ मुद्द्याकडं.

स्टेअरिंगची ढिलाई हा एकच एक बिघाड मानला की निम्मी दुरुस्ती तिथंच चुकते. ड्रायव्हरच्या हातातलं चाक आणि रस्त्यावरचं चाक यांच्यामध्ये सांध्यांची साखळी असते: स्टेअरिंगचा रॉड, खालचा बॉक्स, बॉक्समधून बाहेर येणारा ड्रॉप आर्म, त्याला जोडलेली ड्रॅग लिंक, मग टायरॉड, त्याच्या टोकांचे बॉल जॉइंट, किंगपिन आणि त्याचे बुश, शेवटी चाकाचं बेअरिंग. प्रत्येक सांधा थोडा थोडा झिजतो आणि हाताला लागतो तो सगळ्यांचा मिळून एक प्ले.

हिशेब करून पाहा. जुन्या ट्रकच्या बॉक्समध्ये साधारण वीसास एक असं प्रमाण धरलं, म्हणजे हातातलं चाक वीस अंश फिरलं की ड्रॉप आर्म एक अंश हलतो. ड्रॉप आर्म २० सेंटीमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाच्या बॉल जॉइंटमधला फक्त १ मिलिमीटरचा प्ले हातातल्या चाकावर जवळजवळ पावणेसहा अंशांचा होतो. ४५ सेंटीमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेला मोजला तर सव्वादोन सेंटीमीटर. असे पाच सांधे प्रत्येकी एकेक मिलिमीटर झिजले, तर कडेवरचा प्ले अकरा सेंटीमीटरच्या वर जातो. मेकॅनिक गाडीखाली जातो, एकेक सांधा हलवतो, ‘यात काय विशेष नाही’ म्हणत पुढं सरकतो, आणि सांध्यापुरतं बोलायचं तर तो बरोबरच असतो. बेरीज मात्र कुणीच करत नाही.

कायदा काय म्हणतो? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टेअरिंगचा आहे. त्यानुसार स्टेअरिंगच्या चाकावरचा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात, आणि जिथं बोल्ट किंवा पिनांनी जोड दिला आहे तिथं ते पक्के लॉक केलेले असावेत. नियम चांगला आहे. त्यातली टोप्यांची आणि लॉकची अट तर सोन्यासारखी आहे. पण ३० अंश म्हणजे ४५ सेंटीमीटरच्या चाकावर जवळपास १२ सेंटीमीटर. अमेरिकेत ट्रक-बससाठीच्या नियमात तेवढ्याच, म्हणजे १८ इंची, साध्या स्टेअरिंगला सव्वादोन इंचांची, साधारण पावणेसहा सेंटीमीटरची मर्यादा आहे. पॉवर स्टेअरिंगला त्याहून जास्त. आमच्या मते आपली हद्द फार सैल आहे. ३० अंशांना टेकलेली गाडी कागदावर पास होईल, पण धारूरच्या घाटात समोरून ट्रक आल्यावर बारा सेंटीमीटर फुकट फिरवायला वेळ नसतो. या पुस्तिकेत म्हणूनच निम्मी मर्यादा धरली आहे: १५ अंशांच्या वर गेलं की गाडी तपासायची.

ड्रायव्हर ‘स्टेअरिंग ढिलं आहे’ म्हणतो तेव्हा त्याला चार वेगळ्या गोष्टी म्हणायच्या असतात, आणि त्यांची गल्लत झाली की पैसे वाया जातात. चाक फिरतं पण गाडी वळत नाही, हा खरा प्ले. प्ले नसतानाही गाडी सरळ रस्त्यावर भरकटते, तेव्हा दोष बहुतेक वेळा टायरमधली हवा, टो-इन, पाट्यांचे बुश किंवा सुटलेले यू-बोल्ट यांत असतो. ठरावीक वेगाला चाक थरथरतं, तेव्हा आधी टायर आणि बेअरिंग पाहावं, मग किंगपिन. आणि गाडी एकाच बाजूला ओढते, तेव्हा ब्रेक चिकटतोय का ते बघावं. पहिल्या प्रकरणात हे सविस्तर आहे आणि ते कुणी गाळू नये, कारण गॅरेजमध्ये सर्वांत जास्त चुकतं ते इथंच.

शोधायची रीत सोपी आहे, फक्त तिला दोन माणसं लागतात. सपाट जागी गाडी उभी करायची, चाकं सरळ. स्टेअरिंगच्या कडेला खडूची खूण करायची. एकानं चाक हळूहळू डावं-उजवं हलवायचं, पुढचं टायर हलायच्या आत थांबायचं. दुसऱ्यानं खाली झोपून वरून खालपर्यंत पाहत जायचं: कुठल्या सांध्याच्या अलीकडची बाजू हलते आणि पलीकडची हलत नाही. ढिलाई तिथं आहे. सांध्यावर बोट ठेवलं तर डोळ्यांना न दिसणारा खटका बोटाला लागतो. बॉक्स स्वतःच चेसीवर हलतोय का, तेही याच वेळी पाहायचं. जुन्या गाड्यांमध्ये बॉक्सचे बोल्ट सैल झालेले किंवा त्यांच्याखालची चेसी तडकलेली सापडते, आणि वरून कितीही नवे जॉइंट घातले तरी ती ढिलाई जात नाही.

मग पुढचा भाग जॅकवर उचलायचा. चाक वर आणि खाली धरून हलवलं आणि खेळ सापडला, तर तो किंगपिनचा किंवा चाकाच्या बेअरिंगचा. ट्रकवर या दोघांतला फरक ओळखायची नामी युक्ती आहे: कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर बेअरिंग, राहिला तर किंगपिन. ट्रॅक्टरवर ही युक्ती चालत नाही, कारण आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना पुढच्या चाकांवर ब्रेकच नसतात. तिथं हबचं टोपण काढून बेअरिंगचा नट तपासण्यावाचून गत्यंतर नाही.

एका गोष्टीबद्दल जरा रागानंच लिहावं लागतंय. स्टेअरिंग बॉक्सवर एक अॅडजस्टिंग स्क्रू असतो. तो वरून दिसतो, हात पोचतो, एक पाना पुरतो. त्यामुळे ढिलाईची तक्रार आली की पहिला हात तिथं जातो, दोन मिनिटांत स्क्रू आवळला जातो, प्ले कमी झाल्यासारखा वाटतो आणि गाडी निघते. हा सगळ्यांत धोक्याचा इलाज आहे. बॉक्सची आतली रचना अशी असते की चाकं सरळ असताना दाते सर्वांत घट्ट बसावेत आणि वळणावर थोडे मोकळे व्हावेत. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, म्हणून झीज मधोमध होते. झिजलेला मध्य गाठण्यासाठी स्क्रू आवळला की कडेचे न झिजलेले दाते जाम होतात. सरळ रस्त्यावर गाडी छान वाटते. वळणावर मात्र चाक परत फिरत नाही, हातानं ओढून आणावं लागतं, आणि घाटात ते अडकूही शकतं. स्क्रूला हात लावायचा तर ड्रॅग लिंक सोडवून, चाकं सरळ ठेवून आणि आधी बॉक्सच्या वरच्या बेअरिंगचा प्ले काढूनच. नंतर स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून कुठं अडत नाही ना, याची खात्री करायची. याला पाऊण तास लागतो. ज्याला तेवढा वेळ नाही त्यानं स्क्रूला हात लावू नये.

बॉक्सबद्दल आणखी एक. सील गेलं की नव्वद नंबरचं गिअर ऑइल गळतं, आणि ते थांबवायला बॉक्समध्ये ग्रीस भरायची पद्धत आहे. ग्रीस दात्यांपासून बाजूला सरकतं आणि परत येत नाही. दाते कोरडे चालतात. शंभर-दोनशे रुपयांचं सील वाचवायला अख्खा बॉक्स घालवण्याची ही रीत.

जोडांच्या बाबतीत आपल्या रस्त्याकडेच्या गॅरेजचं कौतुक आणि तक्रार दोन्ही करावी लागेल. हायवेवरची पोरं किंगपिनचे पितळी बुश रीमर मारून असे बसवतात की मोठ्या वर्कशॉपनं पाहावं. पण त्याच हातांनी झिजलेल्या बॉल जॉइंटला वेल्डिंगचा टाका मारलेला आणि स्प्लिट पिनच्या जागी खिळा वाकवून घातलेला दिसतो. ड्रॉप आर्म, स्टेअरिंग आर्म हे घडवलेल्या, तापवून कडक केलेल्या पोलादाचे असतात. वेल्डिंगच्या उष्णतेनं त्यांचा कडकपणा बिघडतो आणि ते पूर्वसूचना न देता तुटतात. खिळा तर काही दिवसांत झिजून पडतो आणि नट आपोआप सुटायला लागतो. नवी स्प्लिट पिन दहा-वीस रुपयांत येते. जुनी परत वापरायची नाही, हा नियम विनाअपवाद पाळावा.

टायरॉडची टोकं बदलली की टो-इन परत मोजावंच लागतं. टायरॉडच्या एका टोकाला उजवे आटे आणि दुसऱ्याला डावे असतात. नळी फिरवली की लांबी बदलते, आणि मोजमाप टेपनंही जमतं: दोन्ही टायरांच्या मध्यरेषांतलं अंतर पुढच्या बाजूनं आणि मागच्या बाजूनं मोजायचं. मॅसी फर्ग्युसनच्या जुन्या ३५ घराण्यातल्या ट्रॅक्टरांची गोष्ट निराळी. तिथं दोन ड्रॉप आर्म आणि दोन्ही बाजूंना स्वतंत्र ड्रॅग लिंक असतात, त्यामुळे एका बाजूचं टोक बदललं की दोन्ही बाजू जुळवून घ्याव्या लागतात.

हे जुळवणं एवढं महत्त्वाचं का, याला दोनशे वर्षांचा इतिहास आहे. चार चाकांची गाडी वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळावं लागतं, नाहीतर टायर घासतं. त्यासाठीची रचना म्युनिकच्या गेओर्ग लांकेनश्पेर्गर या बग्गी बनवणाऱ्याला सुचली आणि १८१८ मध्ये रुडॉल्फ अकरमन यांनी लंडनमध्ये तिचं पेटंट घेतलं. ती अकरमनच्याच नावानं ओळखली जाते. आपल्या दोनचाकी बैलगाडीला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता. ज्यांचे वाडवडील टायरगाडी हाकत कारखान्यावर गेले, त्या पिढीच्या हातात चारचाकीचं स्टेअरिंग आलं तेव्हा वाकलेला टायरॉड म्हणजे काय बिघडलं, हे कुणी समजावून सांगितलं नाही. दगडावर आदळून वाकलेली नळी हातोड्यानं सरळ केली की काम झालं, असं अजूनही मानतात. सरळ केलेली नळी त्याच जागी पुन्हा वाकते.

उसाच्या ट्रॅक्टरचं एक दुखणं मात्र कुठल्याच सांध्यात सापडत नाही. दोन ट्रॉल्या भरून चढ चढताना ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं होतं. ओढ मागं असते आणि पुढची चाकं जमिनीला जेमतेम टेकलेली असतात. अशा वेळी चाक फिरवा, गाडी सरळच जाते. ड्रायव्हर गॅरेजमध्ये येऊन ढिलाईची तक्रार करतो, मेकॅनिक रिकाम्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग पाहतो आणि दोघंही बुचकळ्यात पडतात. इथं दोष वजनाचा असतो. ट्रॉलीचा हूक मागच्या एक्सलच्या रेषेपेक्षा वर लावला, तर ट्रॅक्टर मागं उलटण्याचाही धोका आहे. हूक खाली घ्यावा, पुढं वजनं लावावीत, दोन्ही ट्रॉल्यांत किती ऊस घालायचा याला मर्यादा असावी. शेवटची गोष्ट ड्रायव्हरच्या हातात नसते हे ठाऊक आहे. टनावर मजुरी आणि टनावर वाहतूक, म्हणून टनावर टन चढतात.

आणि एक सवय. शेतात कडक वळण घ्यायचं तर एकाच बाजूचा ब्रेक दाबून ट्रॅक्टर फिरवतात. ती रीत योग्यच आहे. पण स्टेअरिंग ढिलं झालं की हीच युक्ती डांबरी रस्त्यावर वापरली जाते. वेगात एका चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर गर्रकन वळतो आणि मागची भरलेली ट्रॉली त्याला ढकलून आडवा करते. रस्त्यावर आल्यावर दोन्ही ब्रेक पेडल एकत्र लॉक करणं हे स्टेअरिंगच्या दुरुस्तीइतकंच महत्त्वाचं मानावं.

झीज इथं लवकर का होते, याचं उत्तर आपल्या जमिनीत आहे. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटा घेतो. फडात चाकोऱ्या पडतात, त्यात उभ्या गाडीचं चाक जोर लावून फिरवलं जातं. उसाचं पाचट आणि धूळ फाटक्या रबरी टोपीतून आत जाते आणि ग्रीसमध्ये मिसळून कानशीसारखं काम करते. पाच रुपयांची टोपी फाटली, की तिच्यामागून पाचशेचा जॉइंट जातो. हंगामात रोज सकाळी निपलला ग्रीसगन लावावी. किंगपिनला ग्रीस देताना चाक जॅकवर उचलावं, नाहीतर वजनाखाली दबलेल्या बाजूला ग्रीस पोचतच नाही.

नव्या ट्रॅक्टरांवर तेलाच्या दाबावर चालणारं पॉवर स्टेअरिंग आलंय. त्याच्यासाठी पुस्तिकेत शेवटी चार पानं आहेत. पुस्तिकेचा भर जुन्या गाड्यांवर आहे, म्हणून चारच.

ही तपासणी कधी करायची, हा प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. हंगामात गाडी उभी करायला वेळ नसतो आणि हंगाम संपला की हातात पैसा नसतो. पैसा येतो तो उचलीच्या रूपात, दसऱ्याच्या आधी, आणि तो लग्नाला, दवाखान्याला, जुन्या देण्याला जातो. शिवाय गाडी मालकाची, टोळी मुकादमाची, करार कारखान्याचा आणि स्टेअरिंगवर तिसराच माणूस. प्रत्येकाला वाटतं की गाडी दुसऱ्यानं पाहिली असेल. पोळा ते दसरा हे दिवस त्यातल्या त्यात बरे: गाडी घरी असते, गॅरेजला गर्दी कमी असते, पावसानं जिथं गंजायचं तिथं गंजून दिसायला लागलेलं असतं.

मालकांना आणि मुकादमांना एकच मागणं आहे. टोळीचा करार लिहाल तेव्हा उचलीच्या आकड्याखाली आणखी एक ओळ लिहा: स्टेअरिंग कोणत्या तारखेला तपासलं, किती प्ले सापडला आणि काय बदललं. गॅरेजची पावती त्याच कागदाला टाचा. ज्या ट्रॅक्टरच्या करारात ही ओळ नसेल त्याच्या ट्रॉलीत बिऱ्हाड चढवू नका.